लोगोची रांग म्हणजे सिनेमाचा सातबारा

कुंग फूचा जुना सिनेमा लावला की मारामारी सुरू व्हायच्या आधी दोन-तीन लोगो एकामागून एक हलत-चमकत येतात. तेव्हा तुमचं बोट कुठे असतं? बहुतेक वेळा फॉरवर्डवर! पण ही रांग एकदा नीट बघा. सातबाऱ्यावर जमीन कोणाची आणि कसतंय कोण हे कळतं ना, तसंच इथेही कळतं.

शॉ ब्रदर्सचंच घ्या. रंगीत काचेसारख्या पडद्यावर ढालीत ‘एसबी’ ही अक्षरं आणि मागे दणदणीत संगीत. क्वेंटिन टॅरंटिनोने २००३ मध्ये ‘किल बिल’चा पहिला भाग याच जुन्या लोगोने सुरू केला, तो उगाच नाही. हाँगकाँगच्या या कंपनीच्या बहुतेक फिल्म्स वर्षानुवर्षं गोदामात पडून होत्या. २००० मध्ये सेलेस्टियल पिक्चर्सने अशा सुमारे ७६० फिल्म्स विकत घेतल्या, साफसूफ केल्या आणि डीव्हीडीवर आणल्या. पुढे २०२१ मध्ये ब्रिटनच्या ॲरो व्हिडिओने त्यातल्या १२ निवडून ‘शॉस्कोप’ हा ब्लू-रे संच काढला. म्हणजे एक नाव बनवणाऱ्याचं, दुसरं सांभाळणाऱ्याचं, तिसरं तुमच्यापर्यंत पोचवणाऱ्याचं.

ब्रूस लीच्या ‘द बिग बॉस’वर (१९७१) गोल्डन हार्वेस्टची मोहोर आहे. शॉ ब्रदर्समधून बाहेर पडलेल्या रेमंड चाऊंची ही कंपनी. तिचा जुना साठा पुढे रूपर्ट मर्डोक यांच्या स्टारकडे गेला, त्याला फॉर्च्युन स्टार हे नाव मिळालं आणि २०१० मध्ये त्याचा ताबा चीनच्या सीएमसीकडे आला. ब्रूस लीची लाथ तीच, फेरफार मात्र किती!

हे सगळं आज का सांगतोय? कारण नोंदी अजून बदलताहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या शाउट स्टुडिओजने हाँगकाँगच्या गोल्डन प्रिन्सेस कंपनीच्या १५६ फिल्म्सचे हक्क घेतल्याचं जाहीर केलं. जॉन वू यांचे ‘द किलर’ आणि ‘हार्ड बॉइल्ड’ त्यात आहेत. इतके गाजलेले सिनेमे, पण त्यांच्या चांगल्या डिस्क कित्येक वर्षं बाजारात नव्हत्या. हक्काचा कागद अडकला की सिनेमाही अडकतो, तो असा.

आता स्वतःचा सातबारा तपासा. ॲपवर ‘बाय’ दाबून घेतलेली फिल्म तुमच्या नावावर चढते का? अमेरिकेत ‘ड्रॅगन बॉल झी’ घराघरांत पोचवणाऱ्या फनिमेशनचं ॲप एप्रिल २०२४ मध्ये बंद झालं. डिस्कसोबत मिळालेल्या कोडवर लोकांनी तिथे जमवलेल्या डिजिटल कॉपी क्रंचीरोलवर गेल्याच नाहीत. ज्यांनी डिस्क जपून ठेवली, त्यांच्याकडे सिनेमा राहिला. कॅलिफोर्नियात तर जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे. असा माल ‘विकताना’ हा फक्त परवाना आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपण मालक नाही, भाडेकरू आहोत.

म्हणून सगळ्यांनी डिस्क घ्यायला धावा, असं नाही. प्लेयर तरी किती जणांकडे आहे? शिवाय डिस्कवाल्या लेबलांचाही करार संपतो आणि ती छापणं थांबवतात. फरक इतकाच की तुमच्या कपाटातली डिस्क परत न्यायला कोणी येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ते दहा सेकंद स्किप करू नका. शेवटचा लोगो कोणाचा आहे ते वाचा आणि आवडलेली फिल्म आज नक्की कोणाकडे आहे ते शोधा. ती एका रात्रीत गायब झाली तर जाब कोणाला विचारायचा, एवढं तरी माहीत हवंच.