मे महिन्यात ठरवू नका

परळ, लालबाग, शिवडी, नायगावच्या चाळींत एकटीनं मूल वाढवणाऱ्या बायकांसाठी हे लिहिते आहे. एकट्यानं मूल सांभाळणाऱ्या बापांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

नवरा गेला, किंवा सोडून गेला, किंवा तुम्हीच बाहेर पडलात. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघाली आहे, शाळेची फी वाढली आहे, पगार तिथंच आहे. अशा वेळी घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘कशाला मुंबईत हाल काढतेस? चिपळूणला जा, कणकवलीला जा, वाईला जा. निम्म्यात भागेल.’ सल्ला देणाऱ्याच्या मनात काळजीच असते आणि कित्येकींच्या बाबतीत तो खराही ठरतो. पण तो पारखून घ्या, आणि पारखायला मे महिना निवडू नका.

आपण चाकरमानी माणसं. गाव बघतो ते मे महिन्यात आणि गणपतीत. तेव्हा बंद घरं उघडलेली असतात, अंगणात पोरं खेळत असतात, काकू-मावश्या हाक मारून जेवायला बसवतात. सुट्टी संपली की तीच माणसं परळच्या आगारातून सुटलेल्या एसटीत आपल्या शेजारच्या सीटवर असतात. मागं गावात कोण उरतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून जुलैत जा. आठ-दहा दिवस राहा, शाळा बुडली तरी चालेल. नातेवाइकांकडे पाहुणी म्हणून उतरू नका, शक्यतो एखादी खोली घेऊन राहा. लाइट जाते तेव्हा काय होतं, पावसात शेवटची एसटी वेळेवर येते का, संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर किती माणसं दिसतात, हे तेव्हाच कळेल.

तिथं गेल्यावर एकच प्रश्न सगळ्यात आधी सोडवा: मला यायला उशीर झाला, तर माझं मूल कोणाकडे बसेल?

परळमध्ये हा प्रश्न तुम्हाला पडत नाही, कारण चाळीच्या गॅलरीनं तो कधीच सोडवून टाकलेला असतो. शाळेतून आलेलं मूल दप्तर टाकून समोरच्या आजींकडे जातं. आजी त्याला चहा-चपाती देतात, अभ्यासाला बसवतात, तुमचा फोन आला की ‘आहे गं इथंच’ म्हणतात. या मदतीचं कुठं बिल येत नाही, म्हणून मुंबईच्या खर्चाचा हिशेब मांडताना ती धरली जात नाही. गावाकडे भाड्यात वाचलेले चार पैसे मूल सांभाळायला माणूस ठेवण्यात जाणार असतील, तर तो हिशेब पुन्हा मांडा.

गिरणगावाचा इतिहास हेच सांगतो. गिरणी कामगार परळच्या गाळ्यात राहायचा, जेवण खानावळवालीकडे, आणि बायको-पोरं गावाला. पोरं तिथं वाढली, कारण घरात आजी होती, चुलती होती, आत्या होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि पुढं पगार थांबल्यावर कितीतरी बिऱ्हाडं गावी परतली. तेव्हा गावात त्यांना सामावून घेणारं भरलं घर होतं. आज त्या घरात सत्तरीची सासू एकटी असेल, तर तुम्ही आधाराला जाताय की आधार द्यायला जाताय, हे स्वतःला विचारा. दुसरं उत्तर आलं तरी जायला हरकत नाही, पण तशी तयारी ठेवून जा.

म्हणून माझा सल्ला असा, की गाव निवडताना आधी माणूस निवडा. सख्खी बहीण, भाऊ-वहिनी, जिवाभावाची मैत्रीण जिथं असेल, त्याच्या जवळचं तालुक्याचं ठिकाण बघा. त्यांच्या घरात मात्र राहू नका. पायी दहा मिनिटांवर वेगळी खोली घ्या. नातं टिकतं आणि अडीनडीला हाकही ऐकू जाते.

आता चिपळूणचंच उदाहरण घेऊ, कारण परळमधली बरीच कुटुंबं त्या बाजूची आहेत. मोठी बाजारपेठ आहे, कॉलेज आहे, खेर्डीला आणि लोट्याला एमआयडीसी आहे. दादरहून रात्री सुटणारी तुतारी एक्सप्रेस तिथं थांबते. छोट्या गावापेक्षा असं शहर एकट्या बाईला केव्हाही सोयीचं, कारण काम मिळण्याची शक्यता जास्त आणि चौकशा थोड्या कमी. पण २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी याच बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चढलं होतं. २००५ च्या जुलैतही पूर आला होता. तळमजल्याची खोली स्वस्तात मिळते आहे म्हणून लगेच पागडी-डिपॉझिटची बोलणी करू नका. भिंतीला नवा रंग असेल तर जिन्याखालची, संडासामागची भिंत बघा. शेजारच्या दुकानदाराला सरळ विचारा, ‘एकवीस साली पाणी कुठवर होतं?’ तो हातानं उंची दाखवेल. एकट्या माणसाला मध्यरात्री मूलही उचलायचं असतं आणि सामानही, त्यामुळं वरचा मजला हजार रुपयांनी महाग असला तरी तोच घ्या.

दवाखान्याचं बोलू. परळकरांना केईएम, वाडिया आणि टाटा पायी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि त्याची किंमत टाटाच्या बाहेर फुटपाथवर मुक्काम करणाऱ्या गावाकडच्या माणसांना विचारा. मुलाला दमा, फिट, हृदयाचा त्रास, असं काही कायमचं दुखणं असेल, तर त्याच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय निर्णय घेऊ नका. चिपळूणला कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय आहे, सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. तुम्ही जिथं जाणार, तिथं मुलांचा डॉक्टर रात्री भेटतो का, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणतं रुग्णालय आहे, हे जुलैच्या मुक्कामातच बघून या.

शाळेचा बाऊ करू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागता येते आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मात्र मूल २५ टक्क्यांच्या राखीव जागेवर खासगी शाळेत शिकत असेल, तर ती जागा दुसऱ्या गावी तुमच्याबरोबर येत नाही. ती सोडण्याआधी दोनदा विचार करा.

कागदपत्रांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. घटस्फोट झाला असेल आणि वडिलांच्या भेटीच्या वेळा कोर्टानं ठरवून दिल्या असतील, तर आधी आदेश वाचा आणि कुटुंब न्यायालयाची परवानगी घेऊनच मुलाला हलवा. नंतर ‘पळवून नेलं’ असा आरोप अंगावर घेऊ नका. एकल पालकाच्या मुलासाठी सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिना २,२५० रुपये. तिचा अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात होतो. मुंबईत ती चालू असेल तर जिल्हा बदलण्याआधी तिथल्या कार्यालयात विचारा, की फाइल पुढं कशी जाणार. विधवा आणि परित्यक्तांसाठी संजय गांधी निराधार योजना तहसीलला आहे, महिना दीड हजाराची, पण उत्पन्नाची अट कडक आहे. सासरच्या जमिनीत नवऱ्याचा हिस्सा असेल तर वारस नोंद करून सातबाऱ्यावर तुमचं आणि मुलांचं नाव लावून घ्या. हे मागताना ओशाळायचं कारण नाही, तो मुलांचा हक्क आहे.

आणि सगळ्यात कळकळीनं सांगते, परळची खोली सोडू नका. पागडीची असेल तर भाडेपावती आधी स्वतःच्या नावावर करून घ्या. खोली सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय वापरात नसेल, तर भाडे नियंत्रण कायद्यानुसार मालक ती परत मागायला कोर्टात जाऊ शकतो. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तरी तेच. म्हणून येत-जात राहा, पावती चुकवू नका, रिडेव्हलपमेंटच्या यादीत आपलं नाव आहे का ते स्वतः तपासा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा यासाठी उपयोग करा. पहिलं वर्ष प्रयोगाचं धरा. दहा बाय बाराची का होईना, परतायला जागा आहे एवढ्या भरवशावर माणूस नव्या गावात ताठ मानेनं राहतो.

लोक काय म्हणतील, याची भीती खरी आहे आणि ती मी खोटी ठरवणार नाही. छोट्या गावात ‘मालक कुठं असतात?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. त्याचं उत्तर तुमचं आणि मुलाचं एकच असू द्या, थोडक्यात आणि खरं. मुलाला खोटं बोलायला लावू नका, त्याचं ओझं त्याला पेलत नाही. गावंही बदलतायत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनं राज्यातल्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. तुम्ही जाणार त्या आळीत विधवेला हळदीकुंकवाला बोलावतात का, हे तिथल्याच एखादीला हळूच विचारा. त्या एका उत्तरातून गावाचं मन बरंचसं कळेल.

मूल कोणाकडे बसेल याचं नाव-गावासकट उत्तर मिळालं, काम मिळालं, डॉक्टर सापडला, तर पुढच्या जूनला शाळा उघडायच्या आत बेलाशक जा. मुंबई सोडली म्हणून तुम्ही हरलात असं कोणी म्हटलं, तर कानाआड करा. उत्तर मिळालं नाही, तर इथंच राहा, आणि मुलाला गावची मोकळी हवा दिली नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका.

शेवटचं मागणं तालुक्याच्या गावांतल्या घरमालकांकडे आणि शेजाऱ्यांकडे आहे. मुंबईहून एखादी बाई लहान मूल घेऊन खोली बघायला आली, तर ‘एकट्या बाईला देत नाही’ म्हणून दार लावू नका. डिपॉझिट घ्या, करार करा, पोलिसांकडे नोंद करा, जे सगळ्यांना लावता ते नियम तिलाही लावा. आणि ती कामावरून येईपर्यंत तासभर तिच्या पोराला आपल्या घरात बसू द्या.