सायकली भाड्याने देऊ नका, आधी पंप ठेवा



कोकणातल्या पर्यटनाला जोडून काय करता येईल, या व्हिडिओनंतर मला सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न विचारला गेला. "मॅडम, आमच्या गावाला समुद्र आहे, रस्ता मस्त आहे. दहा सायकली घेऊन भाड्याने दिल्या तर?" याचं उत्तर व्हिडिओत दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून इथे लिहिते. माझं उत्तर आहे, देऊ नका. निदान पहिल्या वर्षी तरी नकोच. हे पुस्तकातलं नाही, ८४ हजार घालून बसल्यावर आलेलं शहाणपण आहे.

माझं दुकान रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावर आहे, शिरगावच्या पुढे. कोकम, आंबापोळी, फणसपोळी, लोणची, काजू. चार वर्षांपूर्वी मी आणि माझ्या भावाने सहा सायकली घेतल्या, १४ हजारांना एक. बीबीएला शिकलेलं सगळं वापरलं. एक्सेल शीट केली, दिवसाचं भाडं ३०० धरलं, आठ महिन्यांत पैसे वसूल दाखवले. शीटमध्ये दोन गोष्टी नव्हत्या. एक खारी हवा आणि दुसरी चढ.

खाऱ्या हवेचं सांगते. पावसाळ्यात सायकली पत्र्याच्या शेडमध्ये ठेवल्या, वर ताडपत्री टाकली आणि निर्धास्त झालो. गणपतीत बाहेर काढल्या तर चेन तांबडी, ब्रेकच्या वायरी जाम, गिअर हलेना. किनाऱ्यावर फिरलेली सायकल दर वेळी गोड्या पाण्याने धुवायची, पुसायची, चेनला तेल द्यायचं, हे रोजचं काम आहे. ते कोण करणार, त्याला पगार किती, हे आम्ही धरलंच नव्हतं.

आता चढ. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटायचं, कारण आम्ही कायम स्कूटीवरून फिरलेलो. रत्नागिरीचा किनारा सलग नाहीच. खाडी येते, पूल येतो, मग जांभ्याच्या डोंगरावर चढायचं, वर सडा, की पुन्हा खाली दुसऱ्या खाडीवर. आमच्या बाजूला साखरतरचा पूल ओलांडला की काळबादेवी, आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे आणि गणपतीपुळे. साधारण २५ किलोमीटर. आरे आणि वारे या दोन किनाऱ्यांपाशी रस्ता डोंगराच्या कडेने वर जातो, आणि एका वळणावर खाली वाळूचा पांढरा पट्टा, सुरूची झाडं आणि उघडा समुद्र दिसतो. तिथे थांबला नाही असा सायकलवाला मी अजून पाहिलेला नाही. पण तिथवर पोचायला मांड्या लागतात. आमच्याकडून भाड्याने सायकल नेलेलं कुटुंब वीस मिनिटांत परत यायचं. "चढ आहे हो," म्हणायचे, आणि अर्धे पैसे परत मागायचे. आम्ही द्यायचोही.

पहिल्या सीझनला हातात आले १९ हजार. पुढच्या वर्षी सायकली मिळेल त्या भावाने काढल्या. एक अजून दुकानामागे आहे, तिच्यावर आई कपडे वाळत घालते.

मग हा विषय सोडून का दिला नाही? कारण एका रविवारी सकाळी पावणेसातला शटर वाजलं. मी वरच्या मजल्यावर झोपलेली. खाली अकराजण, सगळे कोल्हापूरचे, सायकली स्वतःच्या. आदल्या संध्याकाळी गाड्यांवर सायकली बांधून रत्नागिरीत येऊन राहिलेले, आणि आता गणपतीपुळ्याला जाऊन परत, म्हणजे ५० किलोमीटर. एकजण म्हणाला, "ताई, पाणी हवं होतं, आणि काहीतरी खारट असेल तर बघा." दुसऱ्याच्या चाकात हवा कमी होती.

पाणी दिलं, कोकम सरबतात मीठ जास्त घालून दिलं. हवेचं मात्र जमलं नाही. आपल्याकडच्या साध्या सायकलीचा व्हॉल्व्ह वेगळा आणि या महागड्या सायकलींचा बारीक लांब प्रेस्टा व्हॉल्व्ह वेगळा. आमचा पंप त्याला बसेना. शहरातल्या सायकलवाल्याकडे असता तरी रविवारी सकाळी सातला त्याचं दुकान कुठलं उघडं? तो गडी हळूहळू, ढिल्या टायरवरच गेला. लाख-दीड लाखाची सायकल, आणि अडलं ते शंभर रुपयांच्या आत मिळणाऱ्या पितळी अडॅप्टरवर.

मंडळी, धंदा मला त्या दिवशी दिसला. जो सायकल भाड्याने घेतो त्याला सायकलीची हौस असते, वीस मिनिटांची. जो स्वतःची सायकल घेऊन दीडशे किलोमीटर लांबून येतो त्याला सायकल नकोच असते. त्याला हवं असतं सकाळी साडेसहाला उघडं दार, पाणी, मीठ, केळी, हवा आणि स्वच्छ संडास. शेवटची गोष्ट तर बायकांच्या ग्रुपने मला सगळ्यात आधी विचारली, आणि सगळ्यात जास्त आभारही त्याचेच मानले.

आता मी ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर रविवारी साडेसहाला उघडते. मार्चनंतर दमट उन्हात कोणी फारसं येत नाही, आणि पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा कोणी येऊही नये. घावणे-चटणी असते, आणि उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणचं. आईला वाटलं होतं, शहरातली माणसं पेज कशाला खातील? ती पेज आधी संपते. पायाने दाबून धरायचा उभा पंप, अडॅप्टर, दोन मापांच्या ट्यूबा, पंक्चरचं सामान, असं सगळं मिळून साडेतीन हजार गेले.

हिशेब उघड सांगते, कारण आपल्या क्षेत्रात आकडे फुगवून सांगायची फार सवय आहे. सरासरी दहाजण, माणशी १४० रुपये, वीस रविवार. २८ हजारांची विक्री. खर्च जाऊन पंधराएक हजार उरतात. जाताना कोकम आगळाची बाटली आणि काजू नेतात ते वेगळं. यावर घर चालत नाही. हा धंदा नाही, चालू दुकानाला दिलेली जोड आहे. ज्याचं रस्त्यावर दुकान, खानावळ किंवा घर आहे त्यानेच करावी. नुसत्या सायकलवाल्यांच्या भरवशावर कर्ज काढून कॅफे टाकणाऱ्याला मी हात जोडून सांगेन, थांब.

दक्षिणेच्या बाजूलाही हीच संधी आहे, आणि तिकडे अजून कमी लोकांनी पकडली आहे. भाट्याच्या पुलावरून निघालात की फणसोप, गोळप, पावस आणि पुढे पूर्णगडचा छोटा किल्ला. उत्तरेला जयगडपर्यंत गेलात तर तिथून फेरीबोटीत सायकल घालून पलीकडे तवसाळला उतरता येतं, आणि पुढे हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. बोटीची वाट बघत उभा असलेला माणूस हा जगातला सगळ्यात चांगला गिऱ्हाईक असतो, एवढं तिथल्या मुलांनी लक्षात ठेवावं.

आता एका गोष्टीवर माझं आणि बऱ्याच जणांचं पटत नाही. हल्ली ग्रॅव्हल बाइक घेऊन लोक येतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं वाकडं, टायर मात्र जाड, ४० मिलिमीटरच्या आसपास. त्यांना डांबर नको असतं. तांबड्या मातीची पायवाट आणि उघडा सडा हवा असतो. सडा आहेच तसा. पावसाळा सरता सरता सगळीकडे रानफुलं, वर आभाळ, माणूस नाही. मग कोणीतरी त्या वाटेची जीपीएस फाइल नेटवर टाकतो आणि म्हणतो, बघा ताई, तुमच्या गावाची फुकट जाहिरात.

मला ही जाहिरात नको आहे. सडा रिकामा दिसतो, मोकळा नसतो. बहुतेक ठिकाणी तो कोणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे, कडेला हापूसची कलमं आहेत. बंद पडलेल्या चिरेखाणी आहेत, सरळ कापलेल्या, कठडा नसलेल्या. पावसानंतर पाण्याने भरतात, आणि गवत वाढलं की कड दिसत नाही. आणि कातळशिल्पं आहेत. उक्षी, जांभरूण, कशेळी, देवीहसोळ, बारसू. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती एवढा मोठा आहे की शेजारी उभं राहून तो हत्ती आहे हे चटकन कळत नाही. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सायकलच्या सीटवरून ती नुसत्या चरांसारखी दिसतात, आणि टायर त्यावरून जातं. आज सायकल, उद्या त्याच फाइलवरून जीप.

म्हणून माझ्याकडे कोणी सड्याची वाट विचारली की मी फाइल देत नाही, माणूस देते. जवळच्याच वाडीतला मुलगा आहे, गुरं राखता राखता सगळा सडा पाठ झालेला. तो स्वतःच्या जुन्या सायकलीवर पुढे असतो. ग्रुपचे ५०० रुपये. काहीजण म्हणतात, हा अडवणुकीचा प्रकार आहे, निसर्ग काय तुमच्या मालकीचा? निसर्ग नाही, पण वाट दाखवणं हे काम आहे, आणि कामाचे पैसे होतात. गोव्यात डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटवाल्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

गेल्या डिसेंबरमध्ये एका ग्रुपने ५०० चे ३०० केले. मुलगा काही बोलला नाही, निघाला. दोन तासांनी सगळे परत आले ते शांत होते. वाटेत एकजण पुढे सुटला होता, आणि याने मागून ओरडून त्याला चिरेखाणीच्या कडेला थांबवलं होतं. पेज खाऊन झाल्यावर त्यांनी त्याच्या हातात हजार ठेवले. त्याने ५०० घेतले आणि उरलेले परत केले. मला म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी आधीच ५०० सांगा ना, मला भाव करता येत नाही."

आता दर पाटीवर लिहून ठेवलाय, पंपाच्या वरच.