पास आणि नापास

निकालाचा दिवस उजाडला म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न ऐकूं येतो: 'पास कीं नापास?' या इवल्याशा इंग्रजी शब्दाच्या अर्थाकडे आमच्या बालवाचकांचें व त्यांच्या आईबापांचें लक्ष वेधावें, असें आम्हांस वाटतें.

या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंत असून तेथें त्याचा अर्थ 'पाऊल' असा आहे. पुढें जाणें, ओलांडून पलीकडे पोंचणें, हाच त्याचा इंग्रजींतीलही मुख्य भाव होय. म्हणूनच नगरहून कल्याणास जातांना लागणाऱ्या माळशेजसारख्या घाटासही इंग्रज 'पास'च म्हणतात. सभेंत ठराव पास होतो, तोही मतांचा उंबरठा ओलांडूनच. एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें व अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, यांच्या दरम्यान धावली, त्याच एस. टी.चा पास घेऊन आज खेड्यापाड्यांतील मुलेंमुली शाळेंत येतात. तेथें पास म्हणजे जाण्याची मुभा.

'नापास' हा शब्द मात्र इंग्रजांचा नव्हे. इंग्रजी शब्दास 'ना' हा फारशी उपसर्ग जोडून तो आपल्या देशांतच घडविला गेला, आणि 'नालायक', 'नादान' यांच्या पंक्तीस बसल्यामुळें त्यांचाच डाग त्यास लागला. शंभरांपैकीं पस्तीस गुण मिळाले तर पास, चौतीस मिळाले तर नापास. अंतर एका गुणाचें. परंतु 'तो गणितांत नापास झाला' असें म्हणतां म्हणतां लोक 'तो नापास आहे' असें म्हणूं लागतात. एका दिवसाची गोष्ट मुलाचें जन्माचें विशेषण होऊन बसते!

वस्तुतः नापास याचा अर्थ इतकाच कीं, एक पाऊल अद्यापि पडावयाचें आहे. मुलांचें वर्ष वांया जाऊं नये म्हणून २०१५ सालीं दहावीची फेरपरीक्षा जुलै महिन्यांतच घेण्यास आरंभ झाला. सरकारास जें उमगलें, तें आपणां वडील माणसांस कां उमगूं नये?

याचा अर्थ अभ्यासांत हयगय करावी, असा मुळींच नव्हे. घाट चढावाच लागतो. पण एका दमांत चढवला नाहीं, तर वाटसरू क्षणभर टेकतो, घोटभर पाणी पितो व पुन्हां चालूं लागतो. आईबापांस आमची एवढीच विनंति कीं, निकालाच्या दिवशीं मूल खालीं मान घालून घरीं आलें, तर प्रथम त्यास तो पाण्याचा पेला द्यावा. गुणपत्रक मागाहून पाहावें.