बळ कुणावर, दुबळेपणा कुणापुढे?



शासन दुबळे झाले की राज्य डळमळते, असे आपल्याला सारखे ऐकवले जाते. त्यावर उपायही ठरलेला: जादा पोलीस, कडक कायदे, संपावर बंदी. आम्हाला हे निदानच मान्य नाही. शासनाचा दुबळेपणा नेमका कुठे असतो, ते भिलाईने दाखवून दिले आहे.

ज्या रुळांवर आपल्या गाड्या धावतात ते रूळ भिलाईत बनतात. सरकारी पोलाद कारखान्याभोवती तिथे खाजगी कारखाने उभे राहिले आणि त्यांत ठेकेदारी बोकाळली. 1990 पासून शंकर गुहा नियोगी आणि छत्तीसगढ मुक्ती मोर्चाने या कामगारांची संघटना बांधली. मागण्या काय होत्या? जगण्यापुरते वेतन, कायम नोकरी, युनियन करण्याचा हक्क. उत्तर मिळाले ते कामावरून काढण्याचे. हजारो घरांच्या चुली विझल्या, पण मालकांना कायदा पाळायला लावण्याचे बळ शासनाला आले नाही.

नियोगींना मात्र 1991 च्या फेब्रुवारीत जुन्या खटल्यांवर तुरुंगात टाकण्याचे बळ त्याच शासनाला आले! आपला खून होणार, असे नियोगींनी डायरीत लिहून ठेवले होते, ध्वनिफितीतही सांगितले होते. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे भिलाईत झोपेतच त्यांना गोळी घातली गेली.

1 जुलै 1992 ला न्याय मागणारे कामगार पॉवर हाऊस स्टेशनजवळ रुळांवर बसले. पोलिसांनी गोळीबार केला. 16 कामगार ठार झाले. त्या दिवशी एक पोलीस अधिकारीही मेला. मजूर आयुक्ताची एक सही वेळेवर झाली असती, तर ही सारी घरे वाचली असती.

आणि खुनाचा खटला? 1997 मध्ये दुर्गच्या सत्र न्यायालयाने दोन उद्योगपतींसह सहाजणांना दोषी ठरवले. 1998 मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली. त्याच्या मागे कोण होते, हे सरकारला आजवर सिद्ध करता आलेले नाही.

याच छत्तीसगढच्या दक्षिणेला, दंतेवाडा जिल्ह्यात, 6 एप्रिल 2010 रोजी 76 जवान मारले गेले. आम्ही बंदुकीचे समर्थन करीत नाही, कधी करणारही नाही. पण सनदशीर मार्गाने चालणाऱ्याला गोळी मिळाली, तर त्या मार्गावर माणसांचा विश्वास कसा टिकावा? राज्य डळमळते ते इथे. कामगाराच्या मोर्चाने नव्हे.

बंधूंनो, भिलाई दूर नाही. आपल्याच स्टेशनात गाडी धुणारा, आपल्याच टपाल कार्यालयात झाडू मारणारा आज ठेकेदाराचा माणूस आहे. 1970 चा ठेका कामगार कायदा 20 कामगारांपासून लागू होत असे. नव्या श्रमसंहितेने ती मर्यादा 50 वर नेली. तरीही ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे इथे रेल्वेची आणि टपाल खात्याची, हे तत्त्व अजून शाबूत आहे. ते वापरा. प्रत्येक शाखेने ठेका कामगारांच्या वेतनपावत्या मागाव्यात, त्यांची तक्रार आपल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावी.

तो आपल्या युनियनचा सभासद नाही, असे म्हणून हात झटकू नका. ज्या शासनापुढे तो आज एकटा उभा आहे, त्याच शासनापुढे उद्या आपल्याला उभे राहायचे आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!