विज्ञानाची वाट : पान पिवळे का पडले?



2023 साली धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही दीक्षाभूमीवर गेलो होतो. परतताना काटोलकडच्या एका खेड्यात साडूंकडे मुक्काम केला. त्यांची दोन एकर संत्र्याची बाग आहे. जमीन वडिलोपार्जित नव्हे. सासऱ्यांनी गिरणीत पाळ्या करून एकेक पैसा जमविला आणि मेहुणीने अंगावरचे डाग मोडले, तेव्हा कुठे हा सातबारा नावावर झाला. सव्वादोनशे झाडे 2017 साली लावलेली. आंबिया बहार तोडणीला आला होता, पण साडूंचा चेहरा उतरलेला. त्यांनी फळे हातात ठेवली. फळ लहान, एका अंगाने वाकडे, बुडाशी हिरवेच राहिलेले. चाखून पाहिले तर कडवट. झाडाची एखादीच फांदी पिवळी आणि बाकीची हिरवी.

कृषी केंद्रवाल्याने जस्ताची कमतरता सांगून दोन वर्षे झिंक सल्फेट विकले. शेजारच्या धुऱ्यावरच्या काकांनी बागेला नजर लागल्याचे सांगितले आणि कुणीतरी फाटकाला लिंबू-मिरची बांधून गेले. आम्हाला हसूही आले आणि रागही आला, कारण हा रोग लिंबालाही होतो! जे स्वतःलाच वाचवू शकत नाही ते बागेला काय वाचविणार? ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, तपासून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. मग आम्ही पान तपासायला बसलो.

तुम्हीही हे करून पाहा. पानाची मधली शीर धरून दोन्ही बाजू ताडून बघा. जस्त कमी असेल तर पिवळेपणा दोन्ही बाजूंना साधारण सारखाच असतो. ग्रीनिंग रोगात मात्र एका बाजूचे डाग दुसऱ्या बाजूशी जुळत नाहीत. पण डोळ्यांना शंका येते, खात्री पटत नाही. एकाच झाडाला दोन्ही दुखणी असू शकतात.

ग्रीनिंगचे चिनी नाव आहे हुआंगलाँगबिंग. पानाने तयार केलेले अन्न ज्या नळ्यांतून मुळांकडे जाते, त्या नळ्यांत एक जिवाणू ठाण मांडतो. तो सिट्रस सायला नावाच्या बारीक किडीमार्फत पसरतो. ही कीड कोवळ्या नवतीवर अंडी घालते आणि अंगणातल्या कढीपत्त्यावरही राहते. दुसरी वाट कलमाची. मातृवृक्षच रोगट असेल तर त्याच्या प्रत्येक डोळ्याबरोबर रोग नव्या रोपात जातो. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. उन्हातान्हात रोजीवर डोळे भरणारे आपलेच भाऊबंद असतात, पण डोळकाडी कोणत्या झाडाची घ्यायची हे ते ठरवीत नाहीत. बोल त्यांना लावू नये.

या रोगावर बरे करणारे औषध नाही. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात तो 2005 साली आढळला. तिथे 2003-04 च्या हंगामात संत्र्याच्या 24 कोटी पेट्या निघाल्या होत्या, 2023-24 मध्ये दोन कोटीही भरल्या नाहीत. वादळांचाही मार बसला, पण कंबरडे मोडले ते या रोगाने. शिवाय लागण झाल्यावर लक्षणे दिसायला कित्येक महिने, कधी वर्षेही जातात. तोवर कीड शेजारच्या बागा फिरून आलेली असते.

म्हणून लक्षणाआधी जिवाणूच शोधावा लागतो. 2020 साली नाकात काडी घालून झालेली तपासणी आठवते ना? तत्त्व तेच. प्रत्येक जिवाच्या पेशीत डीएनए नावाची त्याची स्वतःची लिपी असते. पानाच्या देठाचा आणि मधल्या शिरेचा रस काढायचा, त्यात फक्त त्या जिवाणूच्याच लिपीला चिकटणारे छोटे तुकडे टाकायचे आणि सापडलेल्या मजकुराच्या प्रती काढायच्या. एकाच्या दोन, दोनाच्या चार. अशा तीस फेऱ्यांत एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक होऊ शकतात. ही पीसीआरची पद्धत कॅरी मलिस यांनी 1983 साली सुचविली आणि 1993 साली त्यांना नोबेल मिळाले. पण तिला दर फेरीत रस तापविणारे आणि निवविणारे यंत्र लागते. ते बांधावर कुठून आणणार?

उत्तर आपल्या नागपुरातही शोधले गेले. तिथल्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2018 साली एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात प्रती काढायला आपल्या अंगाच्या उबेएवढे एकच तापमान पुरते. मग रस कागदी पट्टीवर टाकायचा. कोरोनाच्या घरगुती पट्टीसारख्या दोन रेषा उमटल्या तर जिवाणू आहे, एकच उमटली तर त्या नमुन्यात सापडला नाही. 'त्या नमुन्यात' हे शब्द विसरू नका. जिवाणू झाडभर सारखा पसरलेला नसतो. एका फांदीत असतो, दुसरीत नसतो. म्हणून चारही बाजूंची पाने घ्यावी लागतात.

मेडिकलमधल्या पट्टीसारखी ही पट्टी गावच्या दुकानात सहज मिळत नाही. बाबासाहेबांनी 1918 साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला, त्यात केवळ जमिनीचा आकार पाहून भागत नाही, तिच्यावर भांडवल आणि श्रम किती लागतात ते पाहा, असे मांडले होते. आज तपासणी हेही भांडवलच आहे. दोन एकरवाल्याला ते एकट्याने झेपत नाही. दहा जणांनी मिळून नमुने पाठवावेत आणि सर्वांत आधी रोपवाटिकेतले मातृवृक्ष तपासले जावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. बागेत पट्टी लावून कळते ते उशिरा कळते.

साडूंनी पाने प्रयोगशाळेत दिली. शंका खरी निघाली. रोगट झाडे उपटण्याआधी त्यांनी किडीसाठी फवारणी केली, नाहीतर ती उडून धुऱ्यापलीकडे काकांच्या बागेत गेली असती. ज्या रोपवाटिकेतून रोपे आणली होती तिथे जाब विचारायला गेले, तर मालकाने पावती मागितली. पावती नव्हतीच, 2017 साली कुणी दिली नव्हती. पुढच्या पावसाळ्यात मोकळ्या खड्ड्यांसाठी नवी रोपे आणायला मेहुणी स्वतः गेली. मातृवृक्षाच्या तपासणीचा कागद विचारला, तेव्हा पहिला रोपवाटिकावाला हसला. दुसऱ्याने कागद दाखविला. तिथल्या रोपांची पावती आता घरच्या ट्रंकेत, मुलांच्या जातीच्या दाखल्यांच्या फाईलमध्ये आहे.