मधमाशी म्हणून गौरविलेली माशी

गेल्या हिवाळ्यात आमच्या यवतमाळात भरलेल्या एका छायाचित्र-प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग आमच्यावर आला. 'प्रसंग' हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजीत आहोत. कारण त्या दिवशी आमच्या हातून जे घडले त्याचे स्मरण आम्हांस सुखावह नाही. किडामुंगीएवढ्या वस्तूंची जवळच्या भिंगातून मोठी चित्रे घेण्याच्या, म्हणजे मॅक्रो छायाचित्रणाच्या विभागात पहिले बक्षीस आम्ही तिघा परीक्षकांनी एकमताने 'मधुमक्षिका' या चित्रास दिले. काळ्याभोर पार्श्वभूमीवर सोनेरी पट्ट्यांचा एक जीव, अंगावर दवाचे थेंब आणि रत्नासारखे दोन प्रचंड डोळे! चित्र सुंदर होते यात शंका नाही. परंतु निकाल जाहीर झाल्यावर प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी भीतभीत जवळ आली आणि म्हणाली, "सर, हिच्या शृंगिका इतक्या आखूड कशा? आणि पंखही दोनच दिसतात."

आम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, माशीला एकच; मधमाशीच्या शृंगिका लांब व कोपरासारख्या वाकलेल्या, या जिवाच्या केवळ टोचणीएवढ्या. ती मधमाशी नव्हतीच. मधमाशीचा वेष घेऊन शत्रूंना चकविणारी सिर्फिड माशी होती. पक्ष्यांना फसविण्यासाठी निसर्गाने दिलेल्या त्या वेषाला तीन पदवीधर परीक्षक बळी पडले. छायाचित्रकार तरुण सालस होता. दवाचे थेंब कसे साधले, असे विचारताच त्याने काहीही न लपविता सांगितले, "सर, किडा जागेवर थांबत नाही. दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला आणि वरून पाणी फवारलं."

त्या तरुणास दोष देण्यासाठी आम्ही ही लेखणी उचललेली नाही. दोष आमच्यासारख्या परीक्षकांचा आणि अशा चित्रांवर वाहवा उधळणाऱ्या सुशिक्षित रसिकांचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, कीटकाचे छायाचित्र ही ओळख आहे, दागिना नव्हे. आणि ज्या चित्राला आपल्या विषयाचे नाव, गाव व अवस्था सांगता येत नाही त्याला बक्षीस देणे म्हणजे अज्ञानाचा सत्कार करणे होय.

या छायाचित्रणाची अडचण आम्ही जाणतो. सातेरी मधमाशी लांबीने सुमारे एक सेंटिमीटर. तिचे चित्र तिच्या खऱ्या आकाराएवढे घेऊ गेल्यास स्पष्ट दिसणारा थर जेमतेम एखाद्या मिलिमीटराचा असतो; डोळा स्पष्ट आला की पंख धूसर होतो. म्हणून अनेक चित्रे घेऊन त्यांतील स्पष्ट भाग एकत्र जुळविण्याची युक्ती निघाली, आणि त्या युक्तीला निश्चल कीटक लागतो. मोह उत्पन्न होतो तो येथेच. हा मोह जुनाही आहे. रॉबर्ट हूक याने १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात मुंगीचे चित्र आहे. मुंगी स्थिर राहीना, तेव्हा या गृहस्थाने तिला मद्यात बुडवून झिंगविले! तथापि हूकने ही गोष्ट आपल्या ग्रंथात स्वतःच नमूद करून ठेवली. आपल्या काळात लेव्हॉन बिस या छायाचित्रकाराने ऑक्सफर्डच्या संग्रहालयातील कीटकांची जी विलक्षण चित्रे केली, त्यांतील प्रत्येक हजारो छायाचित्रांच्या जुळणीने सिद्ध झाले आहे; पण ते कीटक संग्रहातले मृत नमुने आहेत हे उघड आहे, आणि त्यांची नावेही दिलेली आहेत. मृताला मृत म्हणून दाखविण्यात कसलाही अधर्म नाही. गारठून अर्धमेल्या झालेल्या जिवाला पहाटेच्या दवात न्हालेला म्हणून दाखविणे मात्र असत्य आहे.

यावर आमचे एक मित्र म्हणाले, "तुम्ही कलेला उपयोगाच्या तराजूत घालता." फडके-खांडेकरांच्या काळापासून 'कलेसाठी कला की जीवनासाठी' हा वाद मराठी वाचक ऐकत आला आहे, आणि तो येथे पुन्हा उकरण्याची आमची इच्छा नाही. आम्ही सौंदर्याचे वैरी नव्हे. मधमाशीच्या डोळ्यांवरसुद्धा केस असतात, आणि दोन मोठ्या डोळ्यांखेरीज तिच्या माथ्यावर तीन लहान डोळे असतात, हे पाहून ज्याला आनंद होत नाही त्याची आम्हांस कीव येते. पण हा आनंद 'ही मधमाशी आहे' हे कळल्यावर दुणावतो की कमी होतो? रागाचे नाव ठाऊक झाल्याने गाण्याची गोडी गेल्याचे आम्ही अद्याप ऐकले नाही.

आणि हा प्रश्न केवळ रसिकतेचा असता तर आम्ही गप्प बसलो असतो. आमचा जिल्हा कपाशीचा आहे. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर विषारी औषधे फवारताना सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर प्राणांस मुकले आणि शेकडो रुग्णालयात पडले. कित्येकांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या अनर्थाची कारणे अनेक होती: जहाल विषांचे मिश्रण, अंगावर संरक्षक कपड्यांचा अभाव, डोक्याएवढी वाढलेली कपाशी, विक्रेत्याचाच सल्ला अखेरचा मानण्याची सवय. छायाचित्रांनी ते प्राण वाचले असते, असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. परंतु शेतात दिसेल तो किडा शत्रू, ही समजूत त्या फवाऱ्याच्या मुळाशी असलेल्या अनेक गोष्टींपैकी एक आहे, असे आमचे ठाम मत आहे. एका शेतकऱ्यास आम्ही मावा खाणाऱ्या ढालकिड्याची काळी, काटेरी अळी दाखविली, तेव्हा तो म्हणाला, "अळी ते अळीच, सर. तिले कायचं नाव?" आणि त्याने ती चिरडली. त्याचा मित्र त्याच्याच बोटाखाली मेला. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाल्यावर लवकरच बोंडात शिरते व तेथे फवारा पोहोचत नाही. उघड्यावर राहून मरतो तो ढालकिडा, मरते ती मधमाशी.

आता ज्या सिर्फिड माशीस आम्ही मधमाशी म्हणून गौरविले तिचीच गोष्ट पाहा. तिच्या पुष्कळ जातींच्या अळ्या माव्यावर जगतात. त्या चित्राखाली तिचे नाव, ती ज्या झाडावर सापडली त्याचे नाव आणि ही एक ओळ असती, तर ते चित्र गावोगावच्या शाळांत लावण्याच्या योग्यतेचे ठरले असते. नाव चुकल्याने ते दिवाणखान्याच्या भिंतीपुरते उरले.

वाचकांनी शेतकऱ्याच्या अज्ञानावर हसण्यापूर्वी आपल्या परसात डोकवावे. गुलाबाच्या पानांच्या कडांना कात्रीने कापल्यासारखी गोल छिद्रे दिसली की आपण फवारणीची बाटली शोधतो. ते काम पाने कापणाऱ्या एकलकोंड्या मधमाशीचे असते. ती पान खात नाही. त्या चकत्यांनी ती आपल्या पिलांची घरे मढविते, आणि तिच्या जातीच्या माश्या व मोठे काळे भुंगे कपाशीच्या ओळींमधील तुरीच्या फुलांवर येरझारा घालतात. वांग्याचा पराग परागकोशातच कोंडलेला असतो. निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला बिलगून अंग थरथरविते तेव्हा तो झडतो, आणि ही विद्या पोळ्यातल्या मधमाशीला अवगत नाही. आग्या, सातेरी, फुलोरी ही नावे आपल्या आजोबांना पाठ होती. आपण त्या सर्वांस 'माशी' म्हणतो आणि सुशिक्षित म्हणवितो.

उरला निश्चलतेचा प्रश्न. त्याचे उत्तर निसर्गाने फ्रीजच्या पुष्कळ आधी देऊन ठेवले आहे. निळ्या पट्ट्यांच्या माशीचे नर रात्री एखादी वाळकी काडी जबड्यांत घट्ट धरून झोपतात, आणि ऊन अंगावर येऊन स्नायू तापेपर्यंत हलत नाहीत. हिवाळ्याच्या पहाटे परसात जाणाऱ्यास झोपलेली माशी मिळते आणि अंगावरचे खरे दवही मिळते. त्यासाठी मोजावी लागणारी किंमत एवढीच, की पांघरूण टाकून उठावे, आणि आदल्या संध्याकाळी ती कोठे विसावते हे पाहून ठेवावे. जो हे पाहून ठेवील तो आपोआप तिचा अभ्यासक होईल. आम्ही ज्या छायाचित्रणाचा पक्ष घेतो ते हेच.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रदर्शनात येणाऱ्या प्रत्येक कीटकचित्राखाली नाव असावे, आणि ते ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असे प्रामाणिकपणे लिहावे. वनस्पती, गाव व दिनांक असावा. कीटक जिवंत होता, गारठविलेला होता की मृत, आणि किती चित्रे जुळविली, हे सांगितलेले असावे. परीक्षकांत एक तरी कीटक ओळखणारा असावा. या अटींनी कोणाही कलावंताचे पंख कापले जाणार नाहीत.

त्या बक्षिसाच्या कागदावर आमची सही आहे आणि ती आता पुसता येत नाही. चित्राखालचे नाव दुरुस्त करावे, असे पत्र आम्ही व्यवस्थापकांस लिहिले आहे, आणि चूक दाखविणाऱ्या विद्यार्थिनीचा त्यात उल्लेख केला आहे. पुढील वर्षीही आम्हांस बोलावणे आले, तर या अटी मान्य झाल्याखेरीज आम्ही त्या खुर्चीवर बसणार नाही. आमच्या जागी त्या मुलीस बसवावे. तिला निदान पंख मोजता येतात.