शेरू, मनी आणि चौकशीविना शिक्षा



आजचा विषय मोर्चाचा नाही, शिष्यवृत्तीच्या अर्जाचा नाही, रेशनकार्डाचाही नाही. आजचा विषय आहे आमच्या घरातील दोन मुके जीव, एक कुत्रा आणि एक मांजर. काही वाचक म्हणतील, कार्यकर्त्याला आता दुसरे काम उरले नाही काय? परंतु या दोघांनी मला जो धडा दिला तो कोणत्याही शिबिरात मिळाला नव्हता, म्हणून लिहितो.

आम्ही बदलापूर पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला, बैठ्या चाळीत दोन खोल्यांत राहतो. घरात आई, सौ., दहावीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि मी. शिवाय मनी. मनी आमची जुनी मांजर, वय अकरा वर्षे. माणसाच्या हिशेबाने साठी गाठलेली म्हातारीच म्हणा. २७ जुलै २०१९ चा पूर बदलापूरकर विसरणार नाहीत. त्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सुखरूप बाहेर काढावे लागले होते. आमच्या घरातही पाणी शिरले. आम्ही कागदपत्रांची पेटी घेऊन पोटमाळ्यावर चढलो, तर मनी आमच्या आधीच तिथे जाऊन बसलेली! तेव्हापासून पोटमाळ्याचा तो कोपरा मनीच्या मालकीचा झाला.

गेल्या पावसाळ्यात मुलाने स्टेशनाजवळच्या एका हातगाडीखालून दीड-दोन महिन्यांचे भिजलेले पिल्लू उचलून आणले. साधे गावठी, तांबूस रंगाचे. आईने दारातच अडवले. म्हणाली, "अरे, चवदार तळ्यावर कुत्र्या-मांजरांना पाणी प्यायची मोकळीक होती, आपल्या माणसांना नव्हती. आणि तू कुत्र्याला घरात घेतोस?"

आईचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह त्याच अपमानाविरुद्ध होता. मी म्हणालो, "आई, त्यात कुत्र्याचा काय दोष? दोष बंदी घालणाऱ्यांचा." परंतु आईची समजूत काढली ती मुलीने. फेब्रुवारी १९३४ मधला राजगृहातला एक फोटो आहे. त्यात बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आहेत आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. आईने चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "असू दे मग. पण माझ्या चपला सांभाळा." मुलाला पिल्लाचे नावही टॉबीच ठेवायचे होते. आई म्हणाली, "ते नाव त्याच्यापाशीच राहू दे." म्हणून आमचा तो शेरू झाला.

आणि शेरूने घर डोक्यावर घेतले! चपला गेल्या, केरसुणी गेली, माझ्या ऑफिसच्या बॅगेचा पट्टा गेला. कुत्र्याच्या पिल्लाचे दुधाचे दात साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के दात येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून ते दिसेल ते चावते. त्यात खोडसाळपणा नसतो. माझी बहीण उल्हासनगरला शिलाईकाम करते. तिने जीन्सच्या जाड चिंध्या पाठवल्या. सौ.ने त्यांच्या गाठी मारून दोर केले. चपलेऐवजी तो दोर तोंडात दिला की गाडी रुळावर. मात्र चिंधीचे धागे सुटू लागले की ती काढून घ्यावी. धागे पोटात गेले तर आतडे अडकते.

मनीचे आणि त्याचे मात्र जमेना. त्याचे कारण नंतर कळले. दोघांची भाषाच वेगळी. कुत्रा खुशीत शेपूट हलवतो, तर मांजर रागात शेपूट आपटते. कुत्रा पुढचे पाय टेकून, मागचा भाग वर करून "चल, खेळू" म्हणतो, मांजराला वाटते हा आता झेप घेणार. मांजर पळाले की पिल्लाला वाटते खेळ सुरू झाला. अशा वेळी दोष कोणाचाच नसतो. मध्ये समजावून सांगणारा कोणीतरी लागतो. आम्ही तसे काही केले नाही. पिल्लू सरळ मनीपुढे सोडले आणि म्हणालो, होईल सवय.

खरी गोष्ट पुढेच आहे. डिसेंबरात मनी खंगू लागली. अंगावरची चमक गेली, पाठीची हाडे हाताला लागू लागली. त्याच सुमारास सकाळी आईची गोधडी ओली सापडू लागली. एकदा, दोनदा, तीनदा. घरात नवीन कोण? शेरू. दांडगाई करणारा कोण? शेरू. मग ओले करणारा दुसरा कोण असणार? आणि मनी खंगली तीही त्याच्याच धास्तीने. निकाल तयार!

मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून शेरूला चांगलेच फटके दिले आणि रात्री बाहेर ओट्यावर बांधले. आमच्या बदलापूरची थंडी मुंबईपेक्षा कडक. पिल्लू रात्रभर कुईं-कुईं करत होते. शेजारी ओरडले म्हणून दुसऱ्या रात्री त्याला आणखी दोन फटके मिळाले. एमआयडीसीत ओळखीचे एक वॉचमन आहेत. रविवारी शेरूला त्यांच्याकडे नेऊन सोडायचे, असेही मी ठरवून टाकले. मुलगा जेवेना. मी त्याच्यावरही खेकसलो.

शनिवारी मुलगी समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "पप्पा, विहारातल्या बालवर्गात आम्हाला कुक्कुर जातक सांगितलं. तुम्हाला ठाऊक आहे?"

ऐकले होते, पण विसरलो होतो. तिने सांगितले ते थोडक्यात असे. काशीच्या राजाच्या रथाचे चामडी पट्टे रात्री पावसात भिजले आणि कुत्र्यांनी खाल्ले. राजाने हुकूम सोडला, दिसेल ते कुत्रे मारा. फक्त राजवाड्यातली पाळलेली कुत्री वगळा. स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा म्होरक्या म्हणजे बोधिसत्त्व. तो राजापुढे गेला आणि विचारले, "महाराज, पट्टे कोणी खाल्ले ते आपण पाहिले काय? नाही ना? मग काहींना मरण आणि काहींना अभय, हा कुठला न्याय?" मग त्याने राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ घालून पाजायला सांगितले. त्यांना उलटी झाली आणि चामड्याचे तुकडे बाहेर पडले! गुन्हेगार आतलेच निघाले.

गोष्ट सांगून मुलीने वही पुढे केली. तीन दिवस तिने नोंदी केल्या होत्या. कोणत्या वेळी कोण कुठे होते, पाण्याची वाटी किती वेळा भरली, गोधडी कधी ओली झाली. शेरू बाहेर बांधलेला असतानाही गोधडी दोन वेळा ओली झाली होती. पाण्याची वाटी दिवसातून तीनदा रिकामी होत होती. आम्ही समजत होतो शेरू पितो. पीत होती मनी.

वाचकहो, मी बी.कॉम. झालेला माणूस. ऑफिसात व्हाउचर पाहिल्याशिवाय पाच रुपयेही कोणाच्या नावे टाकत नाही. मोर्चात तर वीस वर्षे घोषणा देतो आहे, "चौकशी झालीच पाहिजे!" आणि स्वतःच्या घरात मी एका मुक्या जिवाच्या नावे गुन्हा टाकला, शिक्षा दिली, हद्दपारीचा हुकूमही काढला. चौकशी केली ती पंधरा वर्षांच्या पोरीने.

त्याच दिवशी मनीला टोपलीत घालून रिक्षाने अंबरनाथला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले. किडन्या थकल्या होत्या. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार नेहमीचा आहे. किडनी नीट काम करीना की मांजर खूप पाणी पिते, खूप लघवी करते आणि वजन घटत जाते. मनीला वाळूच्या घमेल्यापर्यंत पोहोचायलाच वेळ मिळत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "आजार बरा होणार नाही, पण सांभाळता येईल. आणखी आधी आणली असती तर बरे झाले असते." हे शेवटचे वाक्य माझ्यासाठी होते. शेरूला दोष देण्याच्या नादात आम्ही मनीचा आजार पाहिलाच नाही. म्हणजे शिक्षा एकाला झाली आणि नुकसान दोघांचे झाले.

आता जे शिकलो ते आपल्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो.

१) नवे पिल्लू आणि जुने मांजर पहिल्या दिवशीच समोरासमोर सोडू नका. दोघांना काही दिवस वेगळे ठेवा. एकाच्या अंगाखालचे फडके दुसऱ्याच्या जागेत टाका म्हणजे वासाने ओळख होते. नंतर पिल्लाला दोरीने धरून भेट घडवा.

२) मांजराला उंचावर स्वतःची जागा हवी आणि पळून जायला वाट हवी. तिचे खाणे, पाणी आणि घमेले पिल्लाच्या तोंडाबाहेर ठेवा. म्हातारे मांजर असेल तर घमेले जवळच ठेवा.

३) पिल्लाची ताकद कुठेतरी खर्च झाली पाहिजे. सकाळ-संध्याकाळ फिरवा. रस्त्यात हुंगू द्या, हुंगण्यानेही कुत्रा दमतो. दमलेले पिल्लू झोपते, म्हातारीच्या वाटेला जात नाही.

४) कुत्र्याचे खाणे मांजराला कायम चालत नाही. मांजराला मांस-मासळीतले काही घटक लागतात, ते न मिळाल्यास डोळे आणि हृदय बिघडते. मोठ्या मांजरांना दूधही बहुधा पचत नाही. कांदा-लसणाचा रस्सा दोघांनाही वाईट. शिजवलेल्या कोंबडीची हाडे कुत्र्याला देऊ नयेत, त्यांचे टोकदार तुकडे होतात.

५) घरातली तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला कधीही देऊ नका. एका गोळीनेही मांजर मरते. मांजराने दोन दिवस काही खाल्ले नाही तर वाट पाहू नका, डॉक्टरांकडे न्या.

६) पिल्लाला दीड-दोन महिन्यांपासून लशी सुरू करा. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. मांजरालाही ती लागते. कोणाला कुत्र्या-मांजराने चावले, ओरखडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. ताबडतोब सरकारी दवाखाना गाठा आणि सगळे डोस पुरे करा. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

७) वागणे अचानक बदलले तर आधी आजार शोधा, मग खोडी.

आता आमच्या घरी काय चालले आहे? मनी औषधावर आहे. पूर्वीसारखी उडी मारून तिला पोटमाळा गाठता येत नाही. मुलाने फळांच्या लाकडी पेट्या एकावर एक ठेवून तिला पायऱ्या करून दिल्या. ती वर चढू लागली की शेरू खाली बसून बघतो. दोन पेट्या तोही चढला होता. मनीने वळून त्याच्या नाकावर एक दिली. म्हातारीचा दरारा कायम आहे! आई हसून म्हणाली, "मने, अजून आहेस म्हणायची." किती दिवस आहे, हे डॉक्टरही सांगत नाहीत. पण आहे तोवर तिची गोधडी वेगळी आणि घमेले उशाशी.

शेरूला वॉचमनकडे अर्थातच सोडले नाही. तो पुन्हा उड्या मारतो, संध्याकाळी माझी लोकल आली की ओट्यावर उभा असतो. परंतु एक गोष्ट राहिली आहे. सकाळी मी वर्तमानपत्र हातात घेतले की तो अजून कान पाडून बाजूला सरकतो. त्याला बातम्या कळत नाहीत, त्याला गुंडाळी आठवते. म्हणून आता मी खुर्चीवर न बसता त्याच्याशेजारी जमिनीवर बसून वर्तमानपत्र वाचतो. मुक्या जिवाची माफी शब्दांनी मागता येत नाही, वागण्यानेच मागावी लागते. गेल्या आठवड्यात तो सरकला, पण पूर्वीइतका लांब नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरातही कोणीतरी शेरू असतो. बहुतेक वेळा तो सगळ्यात लहान, दंगेखोर किंवा नुकताच आलेला असतो. कप फुटला की त्याचेच नाव पुढे येते. नवी सून असेल, धाकटा मुलगा असेल. हात उचलण्याआधी एक प्रश्न विचारा, "मी हे पाहिले काय?" आणि दुसरा विचारा, "घरातले दुसरे कोणी आजारी तर नाही ना?" चौकशीची मागणी आपण सरकारकडे जरूर करू. ती घरापासून सुरू झाली तर आपल्या मागणीला वजन येईल.

असो. पुढील अंकी भेटू. जयभीम!